मातीला गेलेल्या देवमनजींची मंजुरी

अमरावती,
रविवार, सकाळ

श्री. उत्तमराव भाऊजी यांना किशोरचा वाकून नमस्कार.

आमच्या आशाबाईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो काय, ते कळवावे. (फोनवर ती माझ्याच तब्येतीचे विचारते, स्वतःचे सांगत नाही.) इकडे अंबादेवीच्या कृपेने ठीक आहे. ठीक म्हणजे काय, भाऊजी, या आठवड्यात तुमच्या साळ्याने एका मयत माणसाला विमा कंपनीकडून जिवंत करून घेतले. फोनवर हे सांगितले असते, पण तुम्ही मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता.

दवाखान्यात बिलाच्या टेबलावर मी नेमके काय करतो, असे तुम्ही नितेशच्या लग्नात पंगतीत विचारले होते आणि मला सांगता आले नव्हते. आता सांगतो. डॉक्टर दुखणे बरे करतात, मी दुखण्याला आकडा देतो. मांडीचे हाड खुब्याशी मोडले की एस बहात्तर. घसरून पडल्याचा आकडा वेगळा, बैलाने मारल्याचा वेगळा. आकडा किंवा कागद चुकला की कंपनीची मंजुरी अडते आणि मंजुरी अडली की ऑपरेशन अडते. (पहिल्या वर्षी मला हे पाप वाटायचे. माणसाच्या कण्हण्याला नंबर कसला द्यायचा? मग एकदा सायंप्रार्थनेत बसलो असताना सुचले की पोथीतल्या ओवीलाही आकडा असतो, म्हणून तर ती पुन्हा सापडते. तेव्हापासून मन शांत आहे.)

तर गेल्या बुधवारी भातकुलीचे देवमनजी आमच्याकडे भरती झाले. अकोल्याच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. हाड एस बहात्तर आणि वयही बहात्तर. दवाखाना ज्यांचा, त्या माधवी मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत ऑपरेशन झाले तर बाबा चालतील, लांबले तर खाटेला खिळतील. देवमनजींनी निक्षून सांगितले होते, मंजुरी आली तरच, बायकोचे सोने मोडायचे नाही.

मंजुरीच्या अर्जात एक चौकट असते. अपघात कसा झाला ते रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत, दोन ओळींत. त्यात लिहिले गेले, "मी मंगळवारी अकोटला मातीला गेलो. तेव्हापासून उठता येत नाही." खाली देवमनजींची सही.

तुम्हाआम्हाला यात न कळण्यासारखे काय आहे? माणूस मयतीला गेला आणि तिथे पडला. पण कंपनीत ज्याने हे वाचले त्याच्या गावचे लोक मातीला जात नसावेत, अंत्यविधीस उपस्थित राहत असावेत. दुपारी उत्तर आले. विमाधारक मंगळवारी मृत झाल्याचे दिसते, तरी बुधवारी भरती कसे झाले याचा खुलासा करावा व मृत्यूचा दाखला जोडावा. मृत व्यक्तीच्या हाडाची दुरुस्ती पॉलिसीत बसत नाही.

मी हे देवमनजींच्या पत्नीला, चतुराबाईंना, बाजूला नेऊन हळूच सांगितले. वाटले, रडतील. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाले सांगून राहिली मी, या माणसात जीव नाही म्हून. कंपनीले एका दिवसात समजलं."

मग मी देवमनजींच्या हातात त्या दिवशीचा पेपर देऊन फोटो पाठवला. उत्तर आले, डोळे मिटलेले आहेत. (वाचता वाचता झोप लागली होती.) हृदयाचा आलेख पाठवला, तर त्यावर नाव छापलेले नाही. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी सकाळी देवाला दिवा लावला आणि कंपनीची चौऱ्याण्णव पानांची नियमावली शब्दकोश घेऊन वाचायला बसलो. आपल्या गावच्या शाळेत धडा कळो न कळो, शेवटपर्यंत वाचायला लावत, ती सवय कामी आली. एकाहत्तराव्या पानावर सापडले. रुग्णाच्या ओळखीबद्दल शंका असल्यास, दवाखान्याने मागणी करताच कंपनीच्या डॉक्टरने दोन तासांच्या आत रुग्णाला व्हिडिओवर पाहणे बंधनकारक आहे. मी पान क्रमांकासह मागणी केली.

एक वाजता कंपनीच्या दामिनी मॅडम फोनच्या पडद्यावर आल्या. बाई सभ्य. पण मेलेल्या माणसाशी काय बोलावे हे त्यांना सुचेना. शेवटी म्हणाल्या, "आपण... हयात आहात ना?"

देवमनजी म्हणाले, "मॅडम, तीन दिवसापासून बिडी मांगून राहिलो, ह्या नर्सबाई देत नाहीत. मेलो असतो तं मांगतली असती काय?"

"पण तुम्ही मातीला गेलात, असं लिहिलंय."

"गेल्तो ना. इवायाच्या मातीले गेल्तो. माह्या मातीले तुमाले बलावीनच. जय भीम."

बाई इतक्या हसल्या की पडदा हलू लागला. मी इवाई म्हणजे व्याही आणि माती म्हणजे काय ते समजावले, घसरून पडल्याचा आकडा वाचून दाखवला. एक चाळीसला मंजुरी आली. तीनला ऑपरेशन झाले. आज सकाळी देवमनजी वॉकर धरून पाच पावले चालले. सहावे खिडकीकडे होते, बिडीसाठी, ते चतुराबाईंनी अडवले. माझे टेबल माधवी मॅडमनी जिन्याखालून काढून कूलरसमोर ठेवायला लावले आहे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझे कागद वाऱ्याने उडत आहेत, भाऊजी, आणि उडताना फार सुंदर दिसतात.

आशाबाईला नमस्कार. आता पंगतीत कोणी विचारले तर तुम्हीच सांगाल, ही खात्री बाळगून थांबतो.

आपला,
किशोर

ता.क. देवमनजींनी मला "इवायाच्या मातीले गेलो" असेच सांगितले होते. चौकट मी भरली. व्याह्यांना मी जागेअभावी गाळले. हे माधवी मॅडमना माहीत नाही. देवाला सांगितले आहे.

आणखी ता.क. पॉलिसी देवमनजींनी तुमच्याच अकोल्याच्या बँकेतून घेतलेली आहे. कंपनीने बुधवारीच बँकेला मृत्यूची खबर दिली, बँकेने पेन्शनचे खाते बंद केले आणि आता म्हणते, खातेदाराने जिवंत असल्यास स्वतः काउंटरवर चालत यावे. पाच पावलांत अकोला येत नाही. तरी भाऊजी, तुम्ही हेड क्लार्क आहात, येत्या रविवारी रजिस्टर घेऊन इकडे यावे आणि सही घ्यावी. पुरणपोळी करतो. आणि हे कसे झाले असे साहेबांनी विचारले, तर पाय घसरला म्हणा. कुठे, ते सांगू नका.