शेजारी ठेवलेला सोफा

तीर्थरूप मामा,

भाचीचा साष्टांग नमस्कार. कंबर आता तुम्हाला वाकू देते का? मामींचा खोकलाही थांबला असेल. आमचं म्हणाल तर सगळे धडधाकट आहोत, आणि नडलं तेच.

आमचे घरमालक तुम्हाला ठाऊकच आहेत. भिंतीला ओल आली म्हणून त्यांच्या दारात किती चपला झिजवल्या, तर म्हणायचे, ओल असली की घर थंड राहतं. (स्वतःचं घर मात्र कोरडं ठणठणीत.) तेच गृहस्थ मध्यंतरी गवंडी घेऊन आले, भिंत नीट करून दिली, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि रविवारी सपत्नीक चहाला येतो म्हणाले. मामा, मालक गोड बोलू लागला की भाडेकरूने सावध व्हावं. भाडं वाढणार, दुसरं काय! मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे (मालक यायचे असले की आम्ही गरीब होतो) यांनी सोफा, टीव्ही आणि बरे पडदे शेजारच्या न्हाव्याच्या खोलीत हलवले. सासूबाईंना गोधडीखाली झोपवलं. नुसतं कण्हायचं ठरलं होतं, पण त्यांना रंग चढला आणि त्या मालकीणबाईंना ‘माझ्यामागे पोरांना सांभाळा’ म्हणून विनवू लागल्या.

मालकांचे डोळे भरून आले. ते खरं तर याच भाड्यात पाच वर्षांचा करार करायला आले होते! पण आमची दशा पाहून म्हणाले, तुमच्यासारख्यांना ही जागा झेपायची नाही, महिनाअखेरपर्यंत स्वस्तातली खोली बघा. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर सासूबाई आणखी जोरात कण्हल्या.

तिथून ते न्हाव्याकडे गेले, आमच्या सोफ्यावर बसले, आमचा टीव्ही पाहिला आणि आमची जागा त्याला देऊन मोकळे झाले. न्हावी रोज माफी मागतो, पण सोफा देत नाही. मालक पुन्हा येतील म्हणतो. (त्या दिवशी सोफा उचलायला तो एवढा तत्पर का होता, हे मला आता कळतंय.) मामा, हसू नका. माझी दोन्ही मुलं याच घरात चालायला शिकली. मला खरोखर रडू येतं.

तुमची लाडकी
भाची

ता. क. : तुमची मागची खोली रिकामी आहे असं कळलं. आम्ही एक तारखेला सामानासह येतो. पण तिला आत्ताच रंग दिलात म्हणे. कशासाठी?

आणखी एक : गेल्या खेपेस आमच्याकडे सतरंजीवर बसून तुमची कंबर धरली. सोफा तेव्हाही होता, शेजारी. (तुम्ही खोल्या भाड्याने देता असं नुकतंच कानावर आलं होतं.) राग मानू नका. भाडं ठरवताना मात्र ती सतरंजीच डोळ्यांपुढे ठेवा.