काचेला न कळलेला ताप

बाबा, तुझ्यावर माझा संशय आहे. मेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात, पण मला पगारच संशय घेण्याचा मिळतो. उरणजवळच्या एका कारखान्यात कोलंबीच्या गाड्या येतात. माल उतरवण्याआधी तो पुरेसा थंड आहे का ते मी बघते. वरच्या क्रेटवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. खालचं क्रेट ओढायला लावते आणि सळईसारखा थर्मामीटर कोलंबीत मधोमध खुपसते. व्यापारी वैतागतात. वैतागू देत.

गेल्या महिन्यात एकाने सगळ्यात वर ताजा बर्फ पसरून आणला होता. "म्याडम, हात लावून तर बघा," म्हणाला. लावला, हात बधिर झाला. मधली कोलंबी मात्र कोमट निघाली. बर्फ ज्याला टेकतो त्याची उष्णता आधी ओढून घेतो. आतली बाहेर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात बघणारा फसतो. थर्मामीटर बिचारा खोटं बोलत नाही. ज्याला टेकलाय त्याच्याइतकाच तो तापतो किंवा निवतो आणि तेवढंच सांगतो. गाडी परत पाठवताना मला एकदम तुझी ओली मिशी आठवली.

मासेमारीची बंदी उठून होड्या पहिल्यांदा बाहेर पडणार होत्या, तो दिवस. मी तेव्हा सातवीत. रात्रभर तू कण्हत होतास, तरी सकाळी धक्क्यावर जाऊन होडीत बर्फ भरून घेतलास आणि डबा न्यायला घरी आलास. आई दारात आडवी उभी. "ताप बगल्याशिवाय जायाचा न्हाय." ती काचेचा थर्मामीटर झटकते, तुझ्या जिभेखाली ठेवते. तू गप्प बसलायस, मिशीतून पाणी ठिबकतंय. मला वाटतं, तोंड धुऊन आलास. आई काच उजेडात तिरपी धरते आणि म्हणते, "न्हाय ताप." तू हसलास. होडी चालवणारा तांडेलच घरी बसला तर तिचा मालक नाखवा ती दुसऱ्याच्या हाती देईल, ही धास्ती आपल्या घरात सगळ्यांनाच होती. परत आलास तो खलाशांच्या आधाराने, धड श्वास घेता येत नव्हता. अलिबागच्या दवाखान्यातून तू घरी आलाच नाहीस.

तेव्हापासून आईचं एकच पालुपद आहे: "मना काच वाचता आली न्हाय. मीच धाडला त्याला." इतकी वर्षं ती हे ऐकवते आणि मी ऐकते. म्हणून हा संशय मला सुटकेसारखा वाटला. रविवारी घरी जाऊन तिला सगळं समजावलं. तोंडात बर्फ ठेवला की जीभ गार पडते, अंग तापलेलंच राहतं, आणि काचेला फक्त जीभ कळते. म्हटलं, "बाबाने होडीतला बर्फ चघळला असणार, आई. त्याने फसवलं तुला, तू काही चुकली नाहीस."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर तुला शिव्या घालेल. ती जवळा निवडत राहिली. मग म्हणाली, "मना काय ठाव न्हाय का गो? कपालाला हात लावला व्हता मी. चटका बसला. पन काच म्हनली ताप न्हाय, आनि मना बी तेच पायजे व्हतं."

आता कुणावर संशय घेऊ, बाबा? तू तिला फसवलंस, आणि ती फसायला तयार होती. मला तुम्हा दोघांचाही राग आला, आणि राग आला तरी तिच्यासमोरून उठवेना. थोड्या वेळाने तिने माझं मनगट धरलं. "खरा सांग, तू तर रोज ह्येच काम करतेस. ती काच बिगडलेलीच व्हती ना?"

हे पत्र मी कारखान्यातच ठेवणार आहे. घरी नेलं तर ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेईल. तिला मी काय सांगितलं, ते फक्त तुला कळलं तरी पुरे. मी म्हटलं, "हो गं, बिघडलेलीच होती." आईने जपून ठेवलेली ती काच मी मागच्या खेपेला घरून उचलून आणली होती, आणि त्या रविवारच्या आदल्याच दिवशी माझ्या थर्मामीटरसोबत कोमट पाण्यात बुडवून पाहिली होती. दोन्हींचा आकडा एकच आला.