समुद्रातल्या बंद विहिरी

३ फेब्रु., सोम.
प्लॅटफॉर्मचं काम, सहावा आठवडा. समुद्रात उभं असलेलं तेलाचं जुनं धूड. ते मोडून किनाऱ्यावर आणायला किती खर्च येईल ते मी सांगायचं. मी, फुलंब्रीची. समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला, तोही गुडघ्यापर्यंत.
आकडा जोशी सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा काढला. "वैशाली, विहिरी बुजवायचा खर्च फार होतोय. आठातल्या तीन बंदच आहेत. त्या हिशेबातून काढ."
काढल्या नाहीत. आधी बघते म्हटलं.

५ फेब्रु.
बघितलं. जुन्या नोंदींत तिन्ही विहिरींपुढं एकच शब्द, 'बंद', आणि कुणाची तरी गिचमिड सही. सिमेंट किती ओतलं, किती खोल, नंतर दाब तपासला का? काही नाही. सरांना दाखवलं. "इतक्या वर्षांत काही झालं का? मग?"
हे उत्तर आहे का?
जेवताना नवऱ्याला, विलासला, सांगितलं. तो म्हणाला, कंपनीत आमच्या लाइनवरच्या शिंदेचे वडील समुद्रात फिटर होते, विचारू का. विचार म्हटलं.

९ फेब्रु., रवि.
बजाजनगर, शिंदेंच्या घरी. नशीब बघा, शिंदेकाका याच प्लॅटफॉर्मवर होते. नकाशा चटईवर पसरला तर चष्मा न लावताच बोट ठेवलं. "ही सात नंबर. बंद म्हंजी काय, वरचा व्हॉल्व्ह बंद. बुजवली नाय ती."
"नक्की?"
"मीच आवळायचो की. दाबाचा गेज लावला की काटा हलायचा. खालून गॅस येत व्हता. दोनदा वर कळवलं." मग म्हणाले, खांबांवर शिंपलं हातभर चढलंय, त्याचं वजन धरलं का? नव्हतं धरलं. मान खाली.
विचारलं, लिहून द्याल? काकू आतून म्हणाल्या, कशाला नसतं लफडं. काका म्हणाले, "टाका माझं नाव. आता मला कोण कामावरून काढतंय?"
मोठ्या अक्षरांत अर्धं पान लिहून दिलं. येताना काकूंनी डब्यात धपाटी दिली, तोंड फुगवूनच.

११ फेब्रु.
आकडा वाढला. शिंपल्यांचं वजन आलं, म्हणजे क्रेनची बोट मोठी लागणार. तिन्ही विहिरी हिशेबात जागेवर.
सर : एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर?
मी : आठवण तरी आहे. कागद तर तेवढाही बोलत नाही.
सर : दुसरा कुणी कमी आकडा देईल आणि काम नेईल. ऑफिसात नऊ माणसं आहेत वैशाली.
हे खरंय. सर वाईट नाहीत. पण तिथं उद्या कापायला जी पोरं उतरतील ती कुणाच्या हिशेबात?
म्हटलं, विहिरी काढायच्या तर सही तुम्ही करा. फाइल पुढं सरकवली. पेन त्यांच्याच हातात होतं. केली नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
प्लॅटफॉर्म ज्यांचा, त्या मुंबईवाल्यांशी ऑनलाइन मीटिंग. पडद्यावर आकडा आला. कमी. तीन विहिरी गायब, आणि खाली माझं नाव टाइप केलेलं. मला न विचारता.
माइक उघडला. "हा आकडा माझा नाही." मग काकांचं अर्धं पान वाचून दाखवलं, सगळं. सर शेजारीच, टेबलाकडं बघत.
तिकडचे एक साहेब गोडीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही कधी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवलाय?"
"नाही. पण सात नंबर बुजवल्याचा कागद तुमच्याकडं असेल तर आत्ता दाखवा. आकडा मी इथंच कमी करते."
कुणी दाखवला नाही. मीटिंग संपली.
सर चहा न घेता निघून गेले. घरी विलास म्हणाला, "नोकरी गेली तर?" म्हटलं, "तर तुझ्या पगारात भागवू." तो हसला नाही. ताटं उचलताना म्हणाला, भागवू.

२४ फेब्रु.
दहा दिवस सर कामापुरतंच बोलले. आज मुंबईहून मेल. आकडा मान्य नाही, अमान्यही नाही. आधी त्या तीन विहिरी तपासणार, आकडा काढणाऱ्यानं सोबत यावं. हेलिकॉप्टरनं. त्याआधी, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं, त्याचं प्रशिक्षण.
सर : तुझं नाव अजून पाठवलेलं नाही.
मी : पाठवा.
सर : पाण्यात बुडवतात तिथं. तुला पोहता येतं का?
मी : पाठवा सर.
काकांना फोन केला. म्हणाले, "सात नंबरपाशी उभं राहताना नाक उघडं ठेव पोरी."

२ मार्च, रवि.
तरण तलाव, पहिला दिवस. कठड्याला धरून पाय मारायचे, बस. शेजारच्या पट्टीत सात-आठ वर्षांच्या पोरी माशासारख्या. नाकातोंडात पाणी, दोनदा. शिकवणारी म्हणाली, ताई, आज पुरे, घाई काय आहे?
म्हटलं, आहे.
सरांनी नाव पाठवलं का, माहीत नाही. उद्या विचारणार. आज कठडा सोडला, तीन वेळा पाय मारेपर्यंत.