ठोकलेली अक्षरं सोडवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, सुताराची विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. रागही ठिकाणावर आहे; तो म्हातारपणामुळे आला असं कोणी म्हणू नये. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

१. पुरानंतर आम्ही छावणीत होतो, तेव्हा ह्यांनी आमच्याच मोडक्या दारातून अक्षरं कापली. पोरांना ना पुस्तक, ना दिवा. प्रत्येक अक्षर सुटं, काना-वेलांटी वेगळी. खाचेच्या फळीवर एकापुढे एक बसवलं की शब्द तयार. अंधार पडला तरी पोरं चाचपून वाचत. मीही तशीच वाचायला शिकले, सासू झाल्यावर. तुकडे हरवणार हे ह्यांनी धरलंच होतं. म्हणून पत्र्याचे साचे केले. साचा ठेवायचा, मिळेल त्या लाकडातून नवं अक्षर कापायचं.

२. हे गेल्यावर थोरल्या मुलाने हे काम आपल्या मदतसंस्थेकडे नेलं. तो तिथे अधिकारी आहे. संस्थेने ढिगाने फळ्या करवल्या आणि अक्षरं हरवू नयेत म्हणून ती खिळ्यांनी फळीवर ठोकली. क पासून ज्ञ पर्यंत, ओळीने. मी विचारलं, आता पोरांनी शब्द कसा लावायचा? म्हणाला, "आई, तपासणीला तुकडे कमी भरतात गं. ठोकलेली बरी. बघून बघून शिकतील."

त्याच संस्थेने आधी विजेवर चालणाऱ्या काचेच्या पाट्या धाडल्या होत्या. छावणीत वीज नाही. बायका त्यांवर कांदे चिरतात. हे कळवलं, तर पाट्या रोजच्या वापरात असल्याचं अहवालात छापून आलं.

३. साचे, छिन्न्या, कानस धाकट्या सुनेला. ती छावणीतल्या पोरांना शिकवते. साच्यांवर संस्थेचा हक्क नोंदवायचं थोरल्याच्या मनात आहे. तो बेत मला मान्य नाही. सून मालकीण नव्हे, राखणदार. मागेल त्याला साचा उतरवून द्यावा, फुकट.

४. कानातलं नातीला. संस्थेने ह्यांच्या नावे दिलेल्या मानपत्राची काच सुनेच्या फुटक्या खिडकीला बसवावी. कागद चुलीत.

५. घर थोरल्याला. मात्र ताबा सहजासहजी मिळणार नाही. संस्थेच्या गोदामातल्या आणि छावणीतल्या झाडून सगळ्या फळ्यांचे खिळे त्याने स्वतः उपटावेत, माणूस लावून नव्हे. अक्षर चिरता कामा नये. ह्यांची पकड खुंटीला आहे. हे गेल्यापासून मी तिला कोणाला हात लावू दिलेला नाही. ती त्याने घ्यावी. तोवर घरात धाकटीचा वर्ग भरेल. सगळे खिळे निघाले की नाही, ते धाकटीने ठरवावं. संस्था नोकरीवरून काढेल असं तो म्हणेल. काढू दे. बापाने त्याला सुतारकाम शिकवलं आहे, उपाशी राहणार नाही.

"आई, हे कायद्यात बसत नाही," असंही म्हणेल. मी वकिलाला विचारलं आहे. बसतं.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच वाचला. दोघा साक्षीदारांसमोर सही करते.

सही : सुताराची विधवा
साक्षीदार : शेजारचा लोहार
साक्षीदार : दवाखान्यातली डॉक्टरीण
ठिकाण : राहतं घर, मागची खोली
दिनांक : ११ ऑक्टोबर