वासाला कुठे शपथ असते

आणि व्हॅनिलाचं तुमचंच बरोबर होतं, पप्पा. मी तेव्हा उगाच वाद घातला. म्हटलं, अमेरिकेत बर्बनमध्ये, म्हणजे त्यांच्या मक्याच्या व्हिस्कीत, एसेन्स टाकताच येत नाही, कायदा आहे तसा, निम्म्याहून जास्त मका आणि आतून जाळलेलं नवीन पिंप, बस. तुम्ही म्हणालात, मग लाकडातून येत असेल, पण आहे व्हॅनिलाच. नंतर वाचलं, तर खरंच लाकडातूनच येतो तो. हे सांगायचं राहून गेलं. तसं बरंच राहिलंय, आणि त्यातलं बरंचसं ऐकायला चांगलं नाहीये.

तुम्ही रिटायर होऊन वर्ष झालं होतं. वसईच्या एसेन्स कंपनीत सत्तावीस वर्षं कागदाच्या पट्ट्या हुंगण्यात गेली तुमची. पट्टी बुडवायची, लगेच वास घ्यायचा, मग दहा मिनिटांनी, मग तासाने. बिस्किटवाले, आइस्क्रीमवाले तुमच्या नाकासाठी थांबायचे, आणि आता एव्हरशाईनच्या फ्लॅटमध्ये आमटी लागली की नाही, एवढंच सांगायचं काम त्या नाकाला उरलं होतं. मी कॉल सेंटरला नवीन. दिवसरात्र अमेरिकन लोकांशी बोलून बोलून मला त्यांच्या व्हिस्कीचं वेड लागलेलं. दोस्ताचा भाऊ क्रूझवर बारमध्ये होता. तो दर ट्रिपला दोन-तीन बाटल्या आणायचा, सगळ्या स्वस्तातल्या. इंटरनेटवर एक फोरम होता, तिथे लोक अशाच स्वस्त बाटल्या कम्पेअर करून लिहायचे. मलाही लिहायचं होतं. रविवारी सकाळी डायनिंग टेबलवर चार ग्लास मांडून बसलो, आणि चारही मला सारख्याच लागल्या. घशात नुसता जाळ.

तुम्ही पेपर बाजूला ठेवून आलात. विचारलंत, ही तिथली महागातली का? मी म्हटलं, नाही, तिथे लोक रोज पितात ती.

"म्हणजे अमेरिकेची देशी," तुम्ही म्हणालात आणि हसलात. रिटायर झाल्यापासून मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पट्ट्यांची आयडिया माझी. तुमची दारू नऊ वर्षांपूर्वी सुटली होती. गावच्या देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, थेंब तोंडात घेणार नाही म्हणून. मम्मी आमच्या घरातलं सगळं त्या नारळाच्या आधी आणि नंतर असंच सांगायची. मला हे माहीत होतं. तरी म्हटलं, प्यायचं कुठेय, हुंगा फक्त. कंपनीत जन्मभर स्पिरिटच हुंगलंत ना? वासाला कुठे शपथ असते? तुम्हालाही ते पटलं. फार लवकर पटलं. मम्मी किचनमध्ये भाकऱ्या थापत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही, एवढंच म्हणाली, "देवीलापण नाक आहे."

मग काय ते रविवार होते, पप्पा! तुम्ही कपाटातून जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा काढलात, प्रत्येकीवर पेन्सिलने नंबर टाकलात. पांढऱ्या लेबलची हुंगून म्हणालात, शेंगदाण्याची चिक्की, जरा जास्त शिजलेली. राय नावाचं धान्य असलेलीत तुम्हाला शहाजिरं आणि मिरी सापडली. एकीला तर तुम्ही ओळखीच्या माणसासारखे हसलात. म्हणालात, हे आमच्या कंपनीतलं केळं, ह्याचा ड्रम उघडला की सगळा मजला वास मारायचा. दहा मिनिटांनी परत हुंगून म्हणायचात, आता ओला पुठ्ठा, ही पहिल्या नंबरला नको. मी सगळं लिहून घ्यायचो, इंग्लिश करायचो आणि फोरमवर टाकायचो. माझ्या नावाने. तिथले म्हातारे लोक लिहायचे, एवढ्या तरुण वयात असं नाक कसं रे. मी थँक यू लिहायचो. तुमचं नाव काय, तुम्ही आहात हेसुद्धा मी कधी लिहिलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. वर्षभरात डोळे पिवळे, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी विचारलं, परत कधीपासून सुरू केली? मम्मीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माहीत नाही, घरात तर कोणी पीत नाही. तुम्ही बेडवर होतात, शुद्धीत होतात, आणि तुम्हीपण काही बोलला नाहीत. त्याचा राग येतो मला अजून. मला वाचवलंत की स्वतःला, ते तरी कळू द्यायचं होतं. नऊ वर्षं मी शाळा-कॉलेजात ताठ मानेने सांगितलं, माझे पप्पा पीत नाहीत. ते तुम्ही अमेरिकेच्या देशीवर घालवलंत. चांगल्या बाटलीवर तरी घालवायचं. मम्मी अजून भाकरी वाढते मला, पण समोर बसत नाही. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तिने एकदाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मला खरंच माहीत नव्हतं का? पावसाळा संपताना मी एका शुक्रवारी शिफ्टवरून सकाळी आलो, कपाट उघडलं, तर पिवळ्या लेबलच्या बाटलीचा रंग उतरलेला. लेव्हल बरोबर तेवढीच, पण चहात दूध जास्त पडावं तशी फिकट. मी बाटली उजेडात धरून बघितली आणि परत ठेवली. रविवारी त्याच बाटलीची पट्टी तुमच्या हातात दिली. तुम्ही हुंगलीत, खाली ठेवलीत, आणि दहा मिनिटं थांबलाच नाहीत. सरळ माझ्याकडे बघून म्हणालात,

"ह्यात पाणी पडलंय."

मी मान खाली घालून लिहून घेतलं. संध्याकाळी सायबर कॅफेत बसून टाकलंसुद्धा, की ही बाटली उघडी राहिली की फार पातळ होते, घेऊ नका. त्यावर दोघा-तिघांनी लिहिलं, बरं झालं सांगितलंस.

मला तुमच्या पट्ट्या हव्या होत्या, पप्पा. बाटल्या उचलून नेल्या असत्या तर पुढच्या रविवारी लिहिणार काय होतो मी? हेच एवढं कबूल करायचं होतं. बाकी तुमचंही कमी नव्हतं. पण पाणी घालणारे तुम्ही, आणि ते सांगणारेही तुम्हीच. तुम्हाला गप्प बसता आलं असतं. मग ते मला का सांगितलंत, मी विचारावं म्हणून? तुम्हाला काय वाटतं, मी तेव्हा विचारलं असतं, तर तुम्ही थांबला असतात?