एका खोडाची दोन दारं

दार मिटल्याचा विसावा दिवस, सकाळ

चिरंजीव ढलपीस,

आजीचा आशीर्वाद, आणि त्यावर एक टपली. इकडे सगळं ठीक आहे. गुडघे सोडले तर मीही ठीक आहे. शेळी व्यायली, दोन्ही पिल्लं आईसारखीच आगाऊ निघालीत. शेजारणीने पुन्हा माझी करवत नेली आणि पुन्हा बोथट करून आणली. वर मलाच म्हणते, "तुमची करवत म्हातारी झाली, मावशी." मी म्हटलं, "हो गं, पण तिला अजून दात आहेत. तुला तेही उरले नाहीत."

माझी पत्रं मास्तर लिहितात, तुला माहीत आहे. मी बोलते एक, ते लिहितात दुसरंच काहीतरी शोभेसं. आज त्यांची दाढ सुजली आहे, म्हणून दुसरा माणूस धरून बसवलाय. त्याला बजावलंय की मी बोलेन ते जसंच्या तसं उतरायचं. गोड करायचं नाही, गाळायचं नाही. मला अक्षर येत नाही म्हणून चलाखी केलीस तर याद राख. मास्तरांची दाढ सुजलीय, डोळे नाही. पत्र जाण्याआधी त्यांच्याकडून वाचून घेणार आहे.

अक्षर ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. तुझा नवरा लिहितोय.

फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

उजाडता उजाडता आला. ना पुढे कुणी, ना मागे कुणी. घोडा शेळीच्या खुंट्याला बांधला आणि आत शिरताना चौकटीवर डोकं आपटून घेतलं. आपली चौकट मी माणसांच्या मापाने केलीय, राजांच्या नाही. एरवी दुसऱ्यांनी वाकायचं असतं, याला कुठून सवय असणार?

"आजी, दार काढून द्या," म्हणाला. "तुम्हीच बसवलंय. न फोडता तुम्हालाच काढता येईल."

"कुणाचं दार?" मी विचारलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

मग सांगायला लागला. एकोणीस दिवस झाले, तुझ्या दालनाचं दार उघडत नाही. तो म्हणतो, तू आतून लावून घेतलंयस. तू आतून ओरडतेस, त्याने बाहेरून कोंडलंय. दोघंही एकमेकांना खोटं म्हणता. जेवण खिडकीतून टोपलीने वर जातं आणि टोपलीतून खाली शिव्या येतात. शिव्या माझ्याकडून शिकलीस हे त्याने ओळखलं, तेवढा हुशार आहे.

मी म्हटलं, "दाराचं नंतर बघू, जावईबापू. आधी माझ्या नातीला पत्र लिहायचंय. बसा."

तर बसलाय. ज्या पाटावर मी रंधा मारते त्याच पाटावर. लिहितोस ना रे? लिहितोय. कान लाल झालेत, पण लिहितोय.

आता पुढचं तुला ठाऊक आहे, पण याच्या हातून लिहून घ्यायची मजा मी का सोडू? आपल्या रानातली झाडं परक्याची कुऱ्हाड लावून घेत नाहीत. याच्या बापाने शंभर माणसं पाठवली. शंभर कुऱ्हाडी वाकल्या, झाड एकही वाकलं नाही. मग याला नदीवर पूल बांधायचा झाला. कुणीतरी दीडशहाण्याने कानात सांगितलं, सुतारणीच्या नातीशी लग्न करा, नातलगाला झाडं नाही म्हणत नाहीत. याला लाकूड मिळालं. आपल्याला वचन मिळालं, की याचं सैन्य रानात पाऊल टाकणार नाही, लग्न सुटलं तरीही नाही. आणि तुला काय मिळालं? अठरा कलमं. नवरा-बायकोची दालनं वेगळी. एकाने दुसऱ्याचं दार फोडलं तर करार मोडला. सलग वीस दिवस एकदाही एकत्र जेवला नाहीत, तर एकविसाव्या दिवशी सकाळी लग्न आपोआप सुटलं. हे शेवटचं कलम मी घालायला लावलं होतं. म्हातारीला अक्षर येत नाही, म्हणजे डोकं नाही असं नाही.

आज विसावा दिवस.

मी विचारलं, "पुलाला किती फळ्या कमी पडल्या म्हणून धावत आलास?"

"एकही नाही. पूल झाला."

"कधी?"

"ज्या दिवशी दार मिटलं त्याच दिवशी."

इथे माझा हिशेब चुकला, ढलपे. माझा सगळा डाव याला फक्त लाकूडच हवंय, या समजुतीवर उभा होता. हा डाव काय ते पुढे सांगते. सांगावंच लागणार आहे.

"पूल झाल्यावर तू तिला काय म्हणालास? तेच शब्द सांग, इकडचा तिकडे करू नको."

"म्हणालो, तुझं काम झालं. आता तू मोकळी आहेस."

"अरे गाढवा! मजुराला संध्याकाळी घरी पाठवतात तसं?"

"मला म्हणायचं होतं की करारासाठी आता थांबायला नको. थांबायचं तर..."

"तर काय?"

"तर माझ्यासाठी."

"मग ते का नाही बोललास?"

"तोवर तिने दार आपटलं होतं."

गाढव हा शब्द त्याने नीट लिहिलाय का, ते बघ.

आणि एक. याच्या पायात माळ्याच्या वहाणा आहेत. दोन बोटं मोठ्या, चालताना फटाफट वाजतात. मी म्हटलं, राज्यात जोडे संपले का? तर म्हणाला, "माझे आत राहिलेत." कुठे आत? तर तुझ्या दालनात. दालनं वेगळी, असं तिसरं कलम सांगतं, मग जोडे तुझ्या पलंगाखाली कुणी चालवत नेले? विचारल्यावर याने दौतीत इतका वेळ लेखणी बुडवली की दौत आटली असती. तूसुद्धा कमी नाहीस. दर पत्रात लिहितेस, "मजेत आहे, तो आपला असतो कुठेतरी."

आता ते दुसरं.

वीस दिवस मी अंगणात स्वयंपाक करतेय. यानेही विचारलं, आजी, चूल बाहेर का? मी सांगितलं, आत धूर कोंडतो. खोटं सांगितलं. माझ्या स्वयंपाकघराचं दार बंद आहे आणि त्याला अडसर मी घातलाय.

एका खोडाची दोन दारं करू नयेत, हे तुला हातात पटाशी धरता येईना तेव्हापासून मीच शिकवलं. ती जुळी राहतात. एक उघडलं की दुसरं उघडतं, एकाला अडवलं की दुसरं जागचं हलत नाही. तुझ्या दालनाचं दार करायची वेळ आली तेव्हा मीच तो नियम मोडला. खोड दुभंगलं, अर्ध्याचं तुझं दार केलं, अर्ध्याचं माझं. तू तिकडे उठलीस की इकडे माझं दार झुलायचं. शेजारीण म्हणायची वारा आहे. पत्र तू सजवून लिहिशील, दाराला सजवता येत नाही, म्हणून केलं.

दार आपटलं तेव्हा माझी तीन भांडी फळीवरून खाली आली. संध्याकाळी ते हललं. तू आतून उघडत होतीस. मी उठले आणि अडसर घातला. म्हटलं, वीस दिवस ढकलले की पोरगी सुटली.

लेखणी थांबली. थांबू नकोस, लिही. मी सगळं बोलणार आहे.

तू दुःखात होतीस म्हणून मी हे केलं असं सांगितलं असतं, मास्तर असते तर त्यांनी तसंच लिहिलंही असतं. पण गेलं वर्षभर रोज संध्याकाळी तुझं दार हळूच उघडायचं आणि त्याहून हळू मिटायचं. जन्मात कधी तू दार इतकं हळू लावलं नाहीस. मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कळून मी त्याला जास्तच शिव्या घातल्या. तुझ्या दुःखासाठी नाही गं. मला करमत नाही, एवढंच. रंध्याचा आवाज एकटीचाच येतो.

हे लिहून झालं तेव्हा हा उठून उभा राहिला. वाटलं, आता ओरडेल. हक्क आहे त्याचा.

"आजी, ती कोंडलेली आहे. उठा आणि अडसर काढा."

"काढते की. तू घरी पोच, मग काढते. वाट चार तासांची आहे. आत्ता काढला आणि तू पोचायच्या आत ती निघून गेली तर?"

"जाऊ दे. आत्ता काढा."

"हातभरावर आहे. तूच का नाही काढत?"

"दार तुमच्या घरचं आहे."

अडसर वीस दिवसांत फुगला होता. दोन ठोके घातले तेव्हा निघाला. मग आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो, सात पिढ्यांच्या वैऱ्यांसारखे. थोड्या वेळाने दार सताड उघडलं आणि भिंतीवर आदळलं.

मी म्हटलं, "गेली." तेही याने लिहिलं. शेजारी डाग पडलाय तो शाईचा आहे असं म्हणतोय.

आणि मग, ढलपे, दार परत आलं. हळू. अगदी वर्षभर रोज संध्याकाळी मिटायचं तसं हळू. चार बोटं उघडं राहून थांबलं ते अजून तसंच आहे.

हा आता उभ्यानेच लिहितोय, एक वहाण सुटलीय. मास्तरांकडून पत्र वाचून घ्यायला वेळ नाही. माझं बोलणं याने खरंच उतरलं की सोयीचं तेवढंच, मला कधी कळणार नाही. विश्वास ठेवावा लागतोय. तोही याच्यावर.

अडसर याच्याबरोबर पाठवतेय. चुलीत घाल, नाहीतर याच्या पाठीत घाल. माझ्या पाठीत घालायचा असेल तर स्वतः घेऊन ये. राहायचं ठरलं असेल तर आज दोन ताटं मांड आणि माळ्याच्या वहाणा माळ्याला परत कर. यायचं ठरलं असेल तर माझी चूल पुन्हा आत पेटेल. दोन्हींतलं काहीही कर. मी दाराला हात लावणार नाही.

तुझ्या दाराची उरलेली अर्धी फळी,
आजी

(अंगठा काजळीचा आहे. करवतीने नेलेलं अंगठ्याचं टोक बघ, म्हणजे बाकीचंही मीच बोलले याची खात्री पटेल.)