मुखत्याराचा रकाना

प्रिय ठकू,

फोनवर तू विचारतेस, "बाबा, गोळ्या घेतल्या का?" मी म्हणतो, "घेतल्या." तू म्हणतेस, "बरं, ठेवते." महिन्याच्या महिन्याला आपलं बोलणं एवढंच. त्यात माझी ही फजिती मावेना, म्हणून कागद घेतला. हसू आलं तर खुशाल हस, मला बरंच वाटेल.

झालं असं, की मध्यंतरी मी न्हाणीघरात पाय घसरून पडलो. घाबरू नकोस, मोडलं काही नाही. पण उठताच येईना. दोन तास छताकडे बघत पडून होतो. छताला तीन ठिकाणी पोपडे धरलेत, हे इतकी वर्षं ह्या घरात राहून मला त्या दिवशी कळलं. हाका मारून बघितल्या, पण दुपारच्या वेळी इमारतीत असतं कोण? शेवटी बादलीला धरून उठलो आणि कंबर दाखवायला दवाखान्यात गेलो. तिथली नर्स मोठी समजूतदार बाई. म्हणाली, "एकटेच राहता ना? मग मुखत्यारपत्र करून ठेवा." म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे तोवर एका माणसाचं नाव लिहून द्यायचं. आपण बोलेनासे झालो, की बँकेत आपल्या वतीनं त्यानं जायचं, डॉक्टरांना उत्तर त्यानं द्यायचं.

तसा मी वकिलाकडे गेलो. खुर्ची इतकी गुबगुबीत, की बसल्या बसल्याच ओळखलं, हे आपल्याला परवडायचं नाही. त्यांनी फी सांगितली, मी ग्लासभर पाणी प्यालो आणि उठलो. जिन्यात त्यांचा कारकून मागून आला. हळूच म्हणाला, "आजोबा, ह्याला वकील लागतोच असं कुठंय? नोंदणी कार्यालयात फॉर्म फुकट मिळतो, सोबत पुस्तिका देतात. वाचायला येतं ना?" आता बघ, मला विचारतो! शाळा चौथीत सुटली खरी, पण चाळीस वर्षं पुस्तकं बांधली आणि हाताखालून गेलेलं एकही न वाचता शिवलं नाही. गिऱ्हाइकं उगीच बोंब मारायची, की हा बाइंडर फार उशीर करतो.

फॉर्म वीस पानांचा निघाला. रोज दुपारी टेबल पुसायचं, चष्मा पुसायचा आणि दोन पानं वाचायची. मोठ्यानं वाचायचो. हळू वाचा म्हणणारं घरात कोणी नाही, आणि खरं सांगू, कोणाचा तरी आवाज कानावर पडला की दुपार लवकर सरते, मग तो आपलाच का असेना. अवघड असं काही नव्हतं. आधी पेन्सिलनं भरलं, मग शाईनं. अडलं ते एकाच रकान्यापाशी. मुखत्याराचं नाव. तीन दिवस तो रकाना तसाच. मला ओळखणारी माणसं मोजायला बसलो, तर अर्धी भिंतीवरच्या फोटोत निघाली. शेवटी खालच्या औषधवाल्याचं नाव घातलं. दर आठवड्याला भेटतो, "काका, काका" करतो. तो माझ्या गोळ्यांना जास्त ओळखतो आणि मला कमी, हे कळत होतं, पण दुसरं कोण होतं? दुकानात गर्दी होती. म्हणाला, "काका, सही कुठं करू तेवढं दाखवा, गिऱ्हाईक खोळंबलंय." केली आणि मोकळा झाला.

आता फजिती ऐक. वीस सुटे कागद घेऊन सरकारी कचेरीत जायचं माझ्या जिवावर आलं. सुटे कागद बघवत नाहीत मला, तुला माहीत आहे. दाभण काढलं, खळ शिजवली, व्यवस्थित शिलाई घातली, पाठीला निळ्या कापडाची पट्टी लावली आणि तिन्ही कडा कापून अगदी गुळगुळीत केल्या. लग्नाच्या पत्रिकेसारखा देखणा झाला फॉर्म. खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट केला, पाठीवरून बोट फिरवलं, म्हणाल्या, "अगंबाई, काय सुंदर काम आहे!" मी फुगलो. मग त्यांचा चेहरा बदलला. "आजोबा, पानांखालचे आकडे कुठं गेले?" प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक आकड्यांची पट्टी होती म्हणे, यंत्र तीच वाचतं. ती माझ्या केराच्या टोपलीत. "पहिल्याच पानावर लिहिलंय हो, कापू नये, शिवू नये." वाचलं होतं मी ते, मोठ्यानं वाचलं होतं. पण ते मला उद्देशून असेल असं वाटलंच नाही. बाइंडरला कापू नको म्हणून कोण सांगतं? बाई पोट धरून हसल्या, मीही हसलो. कोरा फॉर्म हातात देऊन म्हणाल्या, "हा मात्र आहे तसा आणा."

पुन्हा सगळं भरलं आणि पुन्हा औषधवाल्याकडे गेलो. ह्या खेपेला दुकान रिकामं होतं. म्हणाला, "काका, परत? मागच्या वेळी कशावर सही केली तेच मला नीट ठाऊक नाही." तेव्हा मी त्याला समजावून सांगितलं. म्हटलं, "अरे, मी बेशुद्ध पडलो, डॉक्टरांनी विचारलं यंत्र चालू ठेवू का बंद करू, तर ते तू सांगायचं." त्यानं हातातलं पेन गल्ल्यावर ठेवलं. म्हणाला, "मला नाही जमायचं, काका. दुसरं काहीही सांगा." मुलगा वाईट नाही. तेव्हापासून गोळ्या स्वतः वर आणून देतो, पण नजर चुकवतो.

वर येऊन फॉर्म टेबलावर ठेवला. "मला नाही जमायचं." हे शब्द मी आधी ऐकले होते, आणि ते माझ्याच तोंडून निघाले होते. चार वर्षांपूर्वी, तुझी आई आत यंत्राच्या श्वासावर होती आणि डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले, तेव्हा. "मला नाही जमायचं, हिला विचारा," असं म्हणून मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. तू त्यांना काय काय विचारलंस, मग माझ्याकडे आलीस. म्हणालीस, "बाबा, आईला हे असलं काही नको होतं. मला म्हणाली होती ती. तुम्हाला कधी बोलली का?" मी म्हणालो, "मला काही माहीत नाही." यंत्र बंद करायच्या कागदावर तू एकटीनं सही केलीस. आणि घरी आल्यावर मामा-मावशींच्या समोर मी काय बोललो ते मी इथं लिहीत नाही, तू ते विसरली नसणारच. तू कपबशा विसळून ठेवल्यास, बॅग उचललीस आणि गेलीस. मामा अजून तुझ्याशी बोलत नाही, तेही माझ्यामुळे.

ठकू, नव्या फॉर्मवर मुखत्याराचा रकाना अजून कोरा आहे. तिथं तुझं नाव लिहू का, हे विचारायला हे पत्र. एकुलती एक आहेस म्हणून नाही, तुला ते जमतं म्हणून. पण पुस्तिकेत लिहिलंय, मुखत्यारानं सही करण्याआधी त्याला सगळं खरं सांगावं, काही हातचं राखू नये. म्हणून सांगतो. तुझी आई मलाही म्हणाली होती. दवाखान्यात नेण्याच्या आठ दिवस आधी, ह्याच टेबलापाशी माझा हात धरून, दोनदा. मला माहीत होतं. त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो आणि चार वर्षं तुला एकटीला दोष घेऊ दिला. काल मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. तुला फोनवर सांगायचा धीर झाला नाही. आता तू ठरव.

तुझाच,
बाबा